भिंत आधी, चित्र नंतर: जागेसाठी कलाकृती निवडायला निघालेल्या नवख्यांसाठी

पहिलं काम मिळालं त्याच संध्याकाळी मी चित्रं बघायला निघाले होते. एका कार्यालयाचा दर्शनी कक्ष, नकाशात दहा फुटांची कोरी भिंत. महिनाभर फिरून आठ फुटांचं एक देखणं चित्र ठरवलं, फ्रेम करून घेतली, गाडीत घालून आणलं आणि भिंतीसमोर उभं केलं. भिंतीच्या बरोबर मधोमध आगीच्या नळीचं लाल कपाट होतं. नकाशात ते नव्हतं, आणि जागा बघायला मी गेलेच नव्हते. असलं कपाट झाकता येत नाही, झाकूही नये. ते चित्र शेवटी वरच्या मजल्यावरच्या बैठकीच्या खोलीत गेलं. तिथे ते आजही अंग चोरून बसलंय.

तेव्हापासून माझा क्रम उलटा झाला. आधी जागा, मग तिथली माणसं, मग कागद, आणि सगळ्यात शेवटी चित्र. तुमच्यावर चौक, हॉटेल, दवाखाना, कार्यालय किंवा कुणाचं राहतं घर यासाठी कलाकृती निवडायचं काम पहिल्यांदाच आलं असेल, तर याच क्रमाने चला.

१. जागेत जाऊन नुसते बसा

किमान दोनदा जा, एकदा सकाळी आणि एकदा दिवे लागल्यावर. वही घ्या, घड्याळ घ्या. माणूस त्या भिंतीसमोर किती वेळ असतो, ते मोजा. पुढचे बरेच निर्णय याच आकड्यावर ठरतात. जिन्यापाशी चार सेकंद. लिफ्टच्या दारापाशी अर्धा मिनिट. दवाखान्यातल्या बाकावर पाऊण तास, तोही काळजीत. कार्यालयातल्या टेबलासमोर रोज आठ तास. घरातल्या पलंगासमोर कित्येक वर्षं. चार सेकंदांच्या जागी बारीक रेघांचं, जवळ जाऊन वाचावं लागणारं काम फुकट जातं. आणि चौकात लांबून डोळ्यांत भरणारं भडक काम आठ तासांच्या जागी डोकेदुखी होतं.

मग मोजमाप. भिंतीची लांबी-उंची सगळेच घेतात. त्याखेरीज हे बघा:

- स्विच, एसीची झडप, पाण्याचे फवारे, बाहेरच्या वाटेची पाटी, दार उघडल्यावर ते कुठवर येतं.
- भिंत कशाची आहे. बोटाच्या पेराने ठोका. भरीव आवाज म्हणजे वीट किंवा काँक्रीट, पोकळ आवाज म्हणजे जिप्समचा पत्रा.
- ओल. तळहात टेकवून बघा. रंगाला फुगवटा किंवा पापुद्रा दिसला तर त्या भिंतीचं नाव यादीतून काढा. बाहेरच्या बाजूच्या आणि न्हाणीघराला लागून असलेल्या भिंतींवर जास्त लक्ष ठेवा.
- ऊन कुठून येतं आणि भिंतीवर कुठवर चढतं. पेन्सिलीने हलकी खूण करा.
- कलाकृती आत येण्याची वाट: फाटक, दार, लिफ्ट, जिन्याचं वळण. लिफ्टचं दार मोजून भागत नाही, आतला कर्णही मोजा. अर्धी अडलेली कामं जिन्याच्या वळणावरच अडलेली असतात.

शेवटी एका माणसाला भिंतीशी उभं करून फोटो काढा. माणसाविना काढलेल्या फोटोवरून आकाराचा अंदाज हमखास चुकतो.

२. जागा कुणाची आहे, ते ओळखा

सार्वजनिक जागेतली गोष्ट अशी की तिथल्या कुणीच ती कलाकृती मागितलेली नसते. तरी रोज तिच्या बाजूने जावं लागतं. न्यूयॉर्कच्या फेडरल प्लाझामध्ये १९८१ साली शिल्पकार रिचर्ड सेराचं ‘टिल्टेड आर्क’ हे शिल्प उभं राहिलं. १२० फूट लांब आणि १२ फूट उंच अशी गंजवलेल्या पोलादाची वाकडी भिंत, चौकाला मधोमध छेदणारी. सेराला तेच हवं होतं, चालणाऱ्याला आपल्या चालण्याची जाणीव व्हावी. पण तिथे नोकरीला येणाऱ्यांना रोज वळसा घालून जावं लागे. १९८५ साली जाहीर सुनावणी झाली. शिल्प राहावं म्हणणारे १२२ जण बोलले, काढावं म्हणणारे ५८. तरी सुनावणी घेणाऱ्या समितीने काढण्याच्या बाजूने कौल दिला. १९८९ च्या मार्चमध्ये एका रात्री ते तुकडे करून हलवलं गेलं. हे शिल्प याच जागेसाठी आहे, इथून हलवणं म्हणजे ते नष्ट करणंच, असं सेराचं म्हणणं होतं, आणि मला ते पटतं. पण त्या चौकात डबा घेऊन बसणाऱ्यालाही कुणीतरी आधी विचारायला हवं होतं, हेही पटतं. म्हणून सार्वजनिक कामात आराखडा पक्का होण्याआधी तिथल्या लोकांसमोर ठेवा: पहारेकरी, झाडलोट करणारे, रोजचे फिरायला येणारे. पसंती मिळेलच असं नाही, पण लोक तिथून कसे चालतात ते कळतं.

व्यावसायिक जागेत पैसे देणारा एक, बघणारा दुसरा. चित्रकार मार्क रॉथकोला १९५८ साली न्यूयॉर्कच्या सीग्राम इमारतीतल्या एका महागड्या भोजनगृहासाठी मोठी चित्रं करायचं काम मिळालं. त्याने चित्रं केली, तिथे जाऊन जेवला, आणि ही माणसं या चित्रांकडे मान वर करून बघणार नाहीत हे ओळखून पैसे परत केले. त्यातली नऊ चित्रं पुढे त्याने लंडनच्या टेट गॅलरीला दिली. त्याने जागा आधी बघितली असती तर हा खटाटोप वाचला असता, असं मी म्हटलं की चित्रकार मित्र चिडतात, कारण मग ती चित्रंच झाली नसती. असो. तुमचं काम रॉथकोचं नाही. जेवायला, खरेदीला किंवा तपासणीला आलेला माणूस चित्र बघायला आलेला नाही, एवढं धरून चला.

घराचं वेगळंच. तिथे आवडतं काय हे विचारू नका, सगळे ‘शांत काहीतरी’ म्हणतात. काय सहन होत नाही ते विचारा. उत्तरं लगेच आणि खरी येतात: लाल नको, चेहरे नकोत, डोळे रोखून बघणारं नको. आणि घरात आधीपासून काय लटकलंय ते बघा. आजोबांचा फोटो, मुलीने शाळेत काढलेलं चित्र. ते काढून टाकून तिथे नवं लावायचं असेल, तर आधी घरातल्या प्रत्येकाशी बोला. एकट्याने होकार दिला म्हणजे घराने दिला असं होत नाही.

३. शेवटचा शब्द कुणाचा, आणि पैसे कुठे जाणार

हे दोन्ही पहिल्याच बैठकीनंतर लिहून पाठवा. समिती असेल तर तिच्या वतीने होकार देणारा माणूस एकच ठेवा.

पैशांत नवख्यांची ठरलेली चूक म्हणजे सगळी रक्कम कलाकृतीवर जाते आणि मग फ्रेमेला, दिव्यांना, वाहतुकीला हात आखडतो. मी एकूण रकमेचा पाव ते तिसरा हिस्सा सुरुवातीलाच बाजूला काढते. उघड्यावरच्या शिल्पाला पाया, क्रेन आणि इंजिनिअर लागतो, तिथे त्याहून जास्त.

४. आता चित्रं बघा

आकारापासून सुरुवात करा. सोफा किंवा टेबल यांच्यावर चित्र लावायचं असेल तर त्याची रुंदी खालच्या सामानाच्या साधारण दोन तृतीयांश असली की डोळ्याला बरं वाटतं, आणि मधे १५ ते २० सेंटीमीटर जागा पुरते. पण आकड्यांवर विसंबू नका. वर्तमानपत्रं चिकटवून चित्राच्या मापाचा कागद करा, मास्किंग टेपने भिंतीवर लावा, दोन दिवस राहू द्या. मालकाला ‘अजून मोठं चालेल’ हे यातूनच कळतं. नव्वद टक्के वेळा चूक लहान घेण्याचीच असते.

पर्याय तीनच दाखवा. दहा दाखवले की माणूस चित्र बघायचं सोडून तुलना करत बसतो. सोफ्याच्या कापडाचा तुकडा घेऊन चित्र शोधायला निघणारं गिऱ्हाईक भेटेल. वाद घालू नका, एवढंच सांगा की सोफा सात-आठ वर्षांत बदलतो.

छापील प्रतींच्या आवृत्त्यांमध्ये खाली पेन्सिलीने १२/५० असा आकडा असतो. पन्नासांपैकी बारावी प्रत, असा त्याचा अर्थ. तो आकडा, सही आणि आवृत्ती बंद झाली आहे का, हे तिन्ही विचारा. आकडा नाही म्हणजे काम वाईट असं मुळीच नाही, पण मग ते मर्यादित आवृत्तीचं म्हणून घेऊ नका.

नवं काम करून घेणार असाल तर टप्पे पाडा: कच्चं रेखाटन, छोटी प्रतिकृती किंवा रंगाचा नमुना, मग मूळ काम. पैसेही त्याच टप्प्यांनी. रेखाटन नाकारलं तरी त्याचे पैसे द्यायचे, हे आधीच ठरवा. कलाकार फुकट घासत बसत नाही, आणि तुम्हाला नाही म्हणायला संकोच वाटत नाही.

५. उजेड: इथे घाई केलीत तर चित्र जाईल

माझी दुसरी मोठी चूक. एका लॉबीत पश्चिमेच्या काचेसमोर मी एक जलरंग लावला होता. निळसर डोंगर, खाली पाणी. तीन वर्षांनी फ्रेम बदलायला तो उघडला. कडेचा माउंट, म्हणजे चित्राभोवतीची पुठ्ठ्याची चौकट, उचलला, तर त्याखाली बोटभर रुंदीची पट्टी गडद निळी होती, आणि पट्टीच्या आत सगळं चित्र धुतलेल्या कापडासारखं राखाडी. रोज जाता-येता बघणाऱ्या एकालाही ते जाणवलं नव्हतं. उजेडाने झालेलं नुकसान हळूहळू साठतं आणि परत भरून येत नाही. रात्री चित्राला ‘विश्रांती’ देऊन रंग माघारी येत नाहीत.

मोठ्या संस्थांचीही अशी फजिती झाली आहे. रॉथकोचीच हार्वर्ड विद्यापीठासाठी केलेली पाच भित्तिचित्रं १९६४ साली मोठमोठ्या खिडक्यांच्या जेवणघरात लागली. त्याने वापरलेला लिथॉल रेड हा लाल रंग उन्हात टिकणारा नव्हता. किरमिजी पार्श्वभूमी फिकट निळसर होत गेली आणि १९७९ साली चित्रं गोदामात गेली. २०१४ साली ती पुन्हा दाखवली तेव्हा मूळ रंग भासावेत म्हणून त्यांच्यावर प्रोजेक्टरमधून हिशेबाने रंगीत प्रकाश टाकावा लागला.

तेव्हा हे पाळा. कागदावरची कामं, जलरंग, जुने फोटो, कापड यांच्यावर संग्रहालयात साधारण ५० लक्सच (लक्स हे उजेड मोजायचं एकक) उजेड ठेवतात, तैलरंगावर १५० ते २०० पर्यंत. कार्यालयातल्या टेबलावर सहज ३०० ते ५०० लक्स असतो, खिडकीपाशी हजारोंनी. मोबाइलवरचं लक्स मोजणारं अॅप काटेकोर नसतं, पण कोणती भिंत धोक्याची ते त्यावरून कळतं. जिथे थेट ऊन पडतं तिथे कागद लावूच नका. धातू, सिरॅमिक, दगड लावा. अतिनील किरण अडवणारी काच किंवा अॅक्रिलिक घेतलं तर रंग उडायचा वेग कमी होतो, थांबत नाही. हे विकणारा सांगणार नाही.

दिवे एलईडी, रंग खरे दाखवण्याचा निर्देशांक म्हणजे सीआरआय ९० च्या वर, आणि झोत उभ्या रेषेपासून साधारण ३० अंशांवर. त्याहून खडा लावला की फ्रेमेची सावली चित्रावर पडते, आडवा लावला की काचेत बघणाऱ्याचाच चेहरा दिसतो.

६. कागदपत्रं

हा भाग कंटाळवाणा आहे. भांडणं मात्र इथूनच सुरू होतात. जवळ हवं ते असं:

- बिल आणि कलाकाराच्या सहीचं अस्सलतेचं प्रमाणपत्र. त्यावर नाव, वर्ष, माध्यम, माप आणि फोटो.
- आधीच्या मालकांची नोंद, काम जुनं असेल तर.
- ताब्यात घेताना केलेला स्थितीचा अहवाल: पुढून, मागून, चारही कोपऱ्यांचे फोटो, आणि प्रत्येक ओरखड्याची नोंद. खोकं उघडताक्षणी करा, दुसऱ्या दिवशी नाही.
- विमा. तो ‘खिळ्यापासून खिळ्यापर्यंत’ आहे का ते विचारा. म्हणजे तिथून उतरवल्यापासून इथे लागेपर्यंत मधल्या प्रवासासकट.
- करार: कोण बसवणार, मोडलं तर दुरुस्ती कोण करणार, काढायचं झालं तर काय.
- सार्वजनिक जागेसाठी जागामालकाची परवानगी, इंजिनिअरचा दाखला, अग्निसुरक्षेची मंजुरी.

चित्र विकत घेतलं म्हणजे ते कॅलेंडरवर, पिशवीवर किंवा जाहिरातीत छापायचा हक्क मिळाला, असं नसतं. तो हक्क कलाकाराकडेच असतो, करारात वेगळा लिहून घेतल्याशिवाय तुमच्याकडे येत नाही. हॉटेलवाल्यांना हे पहिल्याच दिवशी सांगा.

‘काढायचं झालं तर काय’ हे कलम गाळू नका. शिल्पकार अमरनाथ सेहगल यांचं ब्राँझचं प्रचंड भित्तिशिल्प दिल्लीच्या विज्ञान भवनात होतं. १९७९ साली नूतनीकरणात ते त्यांना न कळवता उतरवलं गेलं आणि त्याची नासधूस झाली. सेहगल कोर्टात गेले. २००५ साली दिल्ली उच्च न्यायालयाने निकाल त्यांच्या बाजूने दिला, उरलेले अवशेष त्यांना परत द्यायला लावले आणि भरपाईही दिली. आधार होता १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचं कलम ५७. काम विकलं तरी त्याची मोडतोड होऊ न देण्याचा कर्त्याचा खास हक्क त्यात मानला आहे. अमेरिकेतही १९९० पासून असा कायदा आहे. म्हणून भिंतीवर थेट रंगवून घेणार असाल तर भिंत पुन्हा रंगवायच्या आधी कलाकाराला किती दिवसांची सूचना द्यायची, ते आकड्यात लिहा.

७. बसवण्याचा दिवस

पिशवीत हे असू द्या: मोजपट्टी, पाणसळ, पेन्सिल, मास्किंग टेप, भिंतीत तार किंवा नळ आहे का ते दाखवणारं यंत्र, ड्रिल, भिंतीला साजेसे प्लग आणि स्क्रू, सुती हातमोजे, खाली अंथरायला जाड चादर. आणि दुसरा माणूस. एकट्याने लावू नका.

चित्राचा मध्य जमिनीपासून १४५ ते १५२ सेंटीमीटरवर आला की बहुतेकांच्या नजरेसमोर येतो. लोक बसूनच बघणार असतील तर खाली घ्या. खिळा कुठे ठोकायचा, याचा हिशेब एकदाच नीट समजून घ्या. समजा चित्र ८० सेंटीमीटर उंच आहे आणि मध्य १४७ वर हवा. अर्धी उंची ४०. आता मागची तार मधोमध बोटाने वर ताणा, जणू ती खिळ्यावर लटकली आहे, आणि तारेपासून फ्रेमेच्या वरच्या कडेपर्यंतचं अंतर मोजा. ते ८ आलं. १४७ अधिक ४० वजा ८, म्हणजे १७९. खूण तिथे. तार न ताणता मोजली की चित्र दोन-तीन सेंटीमीटर खाली बसतं आणि भिंतीला दुसरं भोक पडतं.

जड कामाला दोन बाजूंना दोन हुक द्या, एकाच हुकावर ते दर आठवड्याला तिरकं होतं. फ्रेमेच्या खालच्या कोपऱ्यांना मागून रबराच्या टिकल्या लावा, हवा खेळती राहते. पोकळ भिंतीत साधा प्लग चालत नाही. आत उघडणारा बोल्ट तरी लावा, नाहीतर मागच्या सांगाड्यातच स्क्रू पकडा. हॉटेल, दवाखाने, रेल्वे स्थानकं अशा वर्दळीच्या जागी खास चावीनेच सुटणारे चोरी-रोधक हुक लावा.

उघड्यावर तर पाया आणि वाऱ्याचा दाब इंजिनिअरकडूनच काढून घ्या, शिल्पकाराच्या अंदाजावर नाही. दोन वेगळे धातू थेट टेकू देऊ नका, पावसाच्या पाण्यात त्यातला एक झपाट्याने सडतो. मधे नायलॉनची चकती घाला. गंजवलेल्या पोलादाखालून पहिली काही वर्षं तांबूस पाणी गळतं, खाली फिकट फरशी असेल तर ती कायमची डागाळते, म्हणून खाली खडी किंवा निचऱ्याची चर करा. आणि मुलं चढणारच. ९ ते २३ सेंटीमीटरच्या फटी टाळा, त्यात मुलाचं अंग जातं आणि डोकं अडकतं.

८. त्यानंतर

शिकागोतलं शिल्पकार अनिश कपूरचं ‘क्लाउड गेट’ हे शिल्प आरशासारखं लखलखीत दिसतं. त्याचा हात पोचेल इतका खालचा भाग दिवसातून दोनदा पुसला जातो, म्हणून. तुमच्या शिल्पाला रोज कोण पुसणार, कशाने आणि कुणाच्या पगारावर, हे उद्घाटनाआधी ठरायला हवं. उद्घाटनानंतर कुणी फोन उचलत नाही.

सफाई करणाऱ्यांना प्रत्यक्ष भेटा आणि दोन गोष्टी करून दाखवा. काचेवर फवारा मारायचा नाही, फडक्यावर मारून मग पुसायचं. नाहीतर पाणी कडेने आत शिरतं आणि माउंटला तपकिरी डाग पडतो. अॅक्रिलिकवर अमोनियाचं काच-पुसणं अजिबात नाही, ते धुरकट होतं. काच कोणती आणि अॅक्रिलिक कोणतं, हे फ्रेमेच्या मागे चिठ्ठी लावून लिहा. त्याच चिठ्ठीवर बसवल्याची तारीख, वजन आणि तुमचा नंबर. वर्षाने स्थितीचा अहवाल घेऊन परत जा, जुने फोटो हातात धरून कोपऱ्यापासून बघत या. जाताना पाणसळही न्या, एखादं तरी चित्र तिरकं झालेलं असतंच.